अंगणातलं तळं हिवाळ्यात: चालू ठेवावं, निजवावं की आटवावं?

दिवाळी उरकली की अंगणात छोटं तळं असलेल्या घरांत हा विषय निघतोच. कमळाची पानं पिवळी पडू लागलेली असतात, सकाळी मासे तळाशी बसून राहतात, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "काढून टाका ते पाणी, उगाच डासांना आमंत्रण." मोबाइलवर शोधावं तर सल्ले सापडतात बर्फाळ देशांतले. बर्फाला भोक पाडा, हीटर सोडा, तळं चार फूट खोल करा. परभणी-नांदेडच्या माणसाने त्याचं काय करायचं?

आपल्याकडे मार्ग तीनच. एक, पावसाळ्यात चालू होतं तसंच तळं पुढे चालू ठेवायचं. दोन, ते निजवायचं, म्हणजे पाणी आणि मासे राहू द्यायचे, पण खाद्य, मोटर, खत हे सगळं कमी करायचं. तीन, पाणी उपसून कोरडं करायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो: तळं जमिनीत खणलेलं आणि दोन फुटांच्या आसपास खोल असेल, तर निजवा. आणि आटवायचंच असेल तर ते दिवाळीनंतर नको, होळीला आटवा. आता कारणं.

थंडी किती आणि कुठली

मराठवाड्यातली थंडी कोरडी असते. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे, एरवी डिसेंबर-जानेवारीत बहुतेक जिल्ह्यांत पहाटे दहा ते चौदा अंश असतात. पण त्याच दिवशी दुपारी दोनला ऊन अठ्ठावीस-तिशीच्या घरात. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, शेतात भज्जी-आंबील खाताना दुपारी सावली शोधावी लागते आणि रात्री घोंगडं ओढावं लागतं, ते यामुळेच. तळ्याला खरा त्रास होतो तो या चढउताराचा.

इथे खोलीला महत्त्व येतं. जमिनीत खणलेल्या तळ्याला तिन्ही-चारही बाजूंनी मातीची ऊब असते, त्यामुळे त्यातलं पाणी रात्री हवेइतकं उतरत नाही आणि दुपारी हवेइतकं चढत नाही. गच्चीवरचा एक फुटी प्लॅस्टिकचा टब मात्र पहाटे गारठतो आणि दुपारी कोमट होतो. शंका असेल तर साधा थर्मामीटर दोरीला बांधून तळाशी सोडा आणि सकाळी सातला आकडा बघा.

आधी पाण्याचा हिशोब

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यामुळे इथे अंगणात तळं ठेवणाऱ्याला शेजारी-पाजारी एक प्रश्न विचारणारच, आणि त्यांनी तो विचारावाही. म्हणून पाण्याचं आधी बघू. साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल अशा तळ्यात साधारण १८०० लिटर पाणी मावतं. त्याचा पृष्ठभाग तीन चौरस मीटर. एका चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर गेलं. हिवाळ्यात आपल्याकडे रोज साधारण चार मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे या तळ्यातून रोज १२ लिटर, अर्ध्या-पाऊण बादलीचा मामला. मे महिन्यात हाच आकडा बारा मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे रोज ३६ लिटर. महिन्याला हजाराच्या वर.

आता दिवाळीनंतर तळं उपसणाऱ्याने काय केलं ते बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळून सुमारे १४०० लिटर बाष्पीभवन वाचवायला १८०० लिटर पाणी ओतून दिलं. तेही अशा वेळी, जेव्हा परसातली माती परतीच्या पावसाने अजून ओलसर आहे आणि झाडांना त्या पाण्याची तितकी गरज नाही. तेच पाणी होळीपर्यंत तळ्यात राहिलं तर मार्चमध्ये लिंबू, कढीपत्ता, मोगऱ्याला देता येतं, शिवाय माशांच्या विष्ठेमुळे ते फुकटचं पातळ खत असतं. बाष्पीभवनाचा मोठा खर्च सुरू होतो तो तेव्हापासून. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने हिवाळा स्वस्त आहे, महाग आहे तो उन्हाळा.

आटवणं: दिसतं तितकं सोपं नाही

सिमेंटचा हौद काळ्या मातीत असेल तर तो रिकामा ठेवताना दोनदा विचार करा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वाळली की आकसते, भेगा पडतात. शेतात या भेगांत हात जातो, मग अंगणातल्या तीन इंची सिमेंटच्या तळाचं काय होत असेल? पाणी असताना हौदाच्या आतली बाजू ओली राहते आणि ऊन सिमेंटपर्यंत पोचत नाही. रिकाम्या हौदाला आतून ऊन तापवतं आणि बाहेरून आकसणारी माती आधार सोडते. जूनमध्ये भरायला जावं तर पाणी रात्रीत गायब. मुरमाड जमिनीवर हा त्रास बराच कमी.

प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचं तळं असेल तर वेगळी भानगड. पाण्याखाली असते तोवर ती टिकते. उघडी पडली की उन्हाने कडक होते, आणि उंदरांना तर हवीच असते. रिकामं करायचंच तर वर गोणपाट आणि त्यावर पालापाचोळा किंवा माती घालून झाकायला हवं.

डासांचं म्हणाल तर पूर्ण कोरडं तळं बिनधोक, पण "उपसलं" आणि "कोरडं" यांत फरक आहे. तळाशी दोन बोटं पाणी राहिलं, त्यात मासे नाहीत, म्हणजे डासांना मोकळं रान मिळालं. शिवाय डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी हौदाच्या भिंतीला चिकटून कोरडेपणात कित्येक महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. त्यामुळे उपसल्यावर भिंती ब्रशने खरवडून घासल्या नाहीत तर काम अर्धंच झालं. याउलट दहा-पंधरा गप्पी मासे असलेल्या भरल्या तळ्यात अळी दिसणं मुश्कील. आरोग्य खातं साचलेल्या पाण्यात गप्पी सोडायला सांगतं ते उगाच नाही.

मग आटवावं कोणी? ज्यांचं नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं आणि बाकी सगळं टँकरवर आहे त्यांनी, ज्यांना महिनोनमहिने गावाबाहेर राहायचं आहे त्यांनी, आणि ज्यांचा हौद गळतो त्यांनी. गळका हौद डागडुजीला कोरडाच लागतो, आणि हिवाळ्यात सिमेंटला सावकाश, नीट पाणी मारता येतं. हे एकच कारण मला दिवाळीनंतर तळं उपसायला पटतं.

पूर्ण चालू ठेवणं

कोई (मोठे रंगीत शोभेचे मासे), फिल्टर, कारंजं असा थाट असेल तर हा मार्ग. वीस वॅटची पाणबुडी मोटर चोवीस तास चालली तर महिन्याला साडेचौदा युनिट जळतात. हवेचा पाच वॅटचा पंप साडेतीन युनिटच्या आसपास. खर्च मोठा नाही. पण फिल्टरमधले माशांची घाण पचवणारे जिवाणू थंडीत मंदावतात, आणि तुम्ही मात्र पावसाळ्याइतकंच खाद्य टाकत राहता. पाणी दिसायला स्वच्छ असतं, आत अमोनिया वाढत असतो. दुसरं म्हणजे लोडशेडिंग. फिल्टर रात्री सहा-सात तास बंद पडून परत सुरू झाला की आत कुजलेलं पाणी एकदम तळ्यात येतं. इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप तरी घेता येत असेल तरच हा मार्ग धरा.

हीटरचा विषय काढूच नका. १८०० लिटर पाणी फक्त पाच अंशांनी तापवायला साडेदहा युनिट वीज लागते, आणि पहाटेपर्यंत ती ऊब हवेत विरलेली असते.

निजवणं

हा मार्ग मला पसंत, पण निजवणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. खाद्य कमी करायचं आणि त्याची वेळ बदलायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. माशाचं शरीर पाण्याइतकंच गरम असतं. पाणी थंड झालं की पचन मंदावतं. सकाळी आठला टाकलेलं खाद्य तसंच तळाशी सडतं. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाका, तेही एक दिवसाआड. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं तर अजिबात नको. लाटेचा आठवडा गोल्डफिश उपाशी काढतो, त्याला काही होत नाही. भरल्या तळ्यात शेवाळ आणि किडे असतातच.

मासे कुठले आहेत यावरही ठरतं. गोल्डफिश आणि कोई मुळात थंडी सोसणारे, त्यांची काळजी नको. गप्पी उष्ण प्रदेशातली. खोल तळ्यात निभावते, उथळ टबात पंधरा अंशांच्या खाली सुस्तावते आणि मरू लागते. गच्चीवर टब असेल तर गप्प्यांची एक बरणी घरात काढून ठेवावी, फेब्रुवारीत परत सोडायला बी राहतं. आणि मासे जास्त झाले म्हणून नदीत, विहिरीत सोडू नका. हे बाहेरून आलेले मासे आहेत, ओढ्यातल्या स्थानिक माशांची पिल्लं खातात.

थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, दहा अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसात. त्यामुळे मोटर रात्री बंद ठेवली तरी चालतं, फक्त मासे दाटीवाटीने नकोत. रात्रीचं कारंजं तर उलट पाणी आणखी थंड करतं. मोटर दुपारी दोन-तीन तास पुरे.

झाडांचं काम थोडकंच. कमळाची वाळलेली पानं कापा, पण देठ पाण्याच्या वर राहील असं. देठ पोकळ असतो, पाण्याखाली कापला तर पाणी आत शिरून कंद कुजू शकतो. खत बंद. कंद वेगळे करून नव्या मातीत लावायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. कमळाचं छत्र गेल्यावर ऊन थेट पाण्यात पडतं आणि शेवाळ माजतं. त्यावर अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी छोटी वनस्पती, उत्तम: आपल्या हिवाळ्यातल्या दिवसाच्या उन्हात तो छान वाढतो, आणि जास्तीचा कोंबड्यांना, गुरांना घालता येतो. अर्ध्या तळ्यावरच ठेवा. सगळं झाकलं तर खाली हवा पोचत नाही. जलपर्णी मात्र दिसायला कितीही देखणी असली तरी आणू नये.

पाणी वाढवताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बोअरचं पाणी हिवाळ्यातही पंचवीस अंशांच्या आसपास असतं, पहाटे हाताला कोमट लागतं. गारठलेल्या तळ्यात ते एकदम सोडलं तर माशांना झटका बसतो, आणि जमिनीखालून आलेल्या त्या पाण्यात ऑक्सिजनही कमी असतो. दुपारी, बारीक धारेने, उंचावरून सोडा. नळाचं पाणी क्लोरीनचं, ते दिवसभर बादलीत उघडं ठेवून मग घाला.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो आणि मासे सकाळी वर यायला लागतात. लगेच खाद्य वाढवू नका, महाशिवरात्रीपर्यंत थांबा. त्याच सुमारास कडुनिंबाची पानगळ सुरू होते. अंगणात निंब असेल तर तळ्यावर हिरवी शेडनेट ताणून बांधा, खंड्या आणि ढोकरीपासूनही मासे वाचतात. मग होळीला एकदा टाकीतलं, बोअरमधलं पाणी बघून घ्या. जूनपर्यंत रोज दीड-दोन बादल्या तळ्याला देता येतील असं वाटलं तर जाळी तशीच ठेवून उन्हाळ्यात सावली म्हणून वापरा. नाहीतर त्या आठवड्यात मासे घरातल्या टाकीत हलवा आणि तळ्याचं पाणी झाडांना लावा.