लिफ्टच्या जागी जिना

वार्षिक सभेला दहा मिनिटं उशिरा पोचले म्हणून मी सेक्रेटरी झाले. तोवर बाकीची पदं वाटून झाली होती. कर्वेनगरातली आमची सोसायटी चोवीस फ्लॅटची, तीन मजली, लिफ्ट नसलेली. जुन्या सेक्रेटरींनी एक कापडी पिशवी हातात दिली: पावतीपुस्तकं, आय आणि जे फॉर्मची (म्हणजे सभासदांच्या नोंदीची) रजिस्टरं, टाकीच्या किल्ल्या. खजिनदार म्हणाले, "आता सोसायटीचा कारभार बघणारं ॲप घेऊ या." घेतलं. सहा महिने वापरून झालंय, म्हणून लिहितेय. ॲपचं नाव लिहीत नाही. नुसता नंबर दिला तरी त्यांची मुलं जेवायच्या वेळेला फोन करतात, नाव छापलं तर घरी येतील.

हे ॲप मुळात बिल्डर लोकांसाठी बनवलेलं असावं, कारण ते आमच्या सोसायटीला 'प्रोजेक्ट' म्हणतं. तीन वेळा गच्चीची गळती काढलेली इमारत, आणि प्रोजेक्ट! लॉगिन केलं की प्रोजेक्टचं पान उघडतं. वर हिरवी पट्टी आणि '२० टक्के पूर्ण'. मी तर अजून सोसायटीचं नावसुद्धा घातलं नव्हतं.

भाचा बाणेरला असल्याच पानांची मांडणी करतो. तो म्हणाला, मावशी, ते मुद्दाम असतं. अमेरिकेत नुन्स आणि ड्रेझ या दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याने सांगितला. गाडी धुण्याच्या ठिकाणी ३०० कार्डं वाटली. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के भरायचे, निम्म्यांवर दहा, पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोघांनाही गाडी धुवायची आठ वेळाच. पहिल्यांपैकी १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यांपैकी ३४ टक्के. म्हणजे वाणी पुडीवर दोन गोळ्या जास्त ठेवायचा, त्यातलाच प्रकार. हसले, आणि रात्री साडेअकरापर्यंत बसून पट्टी ६४ वर नेली.

मी सव्वीस वर्षं शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात काढली. पावतीपुस्तकं, शाळांचे प्रवेश अर्ज, लग्नपत्रिका. अर्ज कंपोझ करताना 'पूर्ण नाव' पुढे किती जागा सोडायची यावर आमची भांडणं व्हायची. कमी सोडली की लोक समासात लिहितात, फार सोडली की बिचकतात. त्यामुळे रिकाम्या चौकटीकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं.

पहिला दणका देखभालीच्या चौकटीने दिला. तिथे 'दर चौरस फूट' आधीच निवडून ठेवलेलं. शेजारी हिरवी खूण, म्हणजे झालं असं मी धरलं. आमच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची साठवण) बांधकामखर्चाच्या किमान ०.२५ टक्के दर वर्षाला. तीन हिशेब, तीन रीती. ॲपने सगळ्यांना एकाच चौरस फुटात कोंबलं. बिलं गेली त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या फ्लॅटमधले काका उपविधींचं पुस्तक घेऊनच दारात उभे. संबंधित ओळीवर पिवळी रेघ मारलेली. ते बरोबर होते. पट्टीला चौकट भरली एवढंच कळतं, बरोबर भरली की चूक हे ती विचारत नाही. नवीन बिलं हाताने केली, पावतीपुस्तकावर.

न्यायाने सांगायचं तर भाडेकरूंच्या चौकटीने मला वाचवलं. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिलेल्या मालकाकडून घ्यायचं शुल्क, लिहायला गेले, तर शेजारीच बारीक अक्षरात लिहिलेलं, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या कमिटीचा जुना ठराव पंधराचा होता, मी तोच टाकणार होते. जिथे हात अडतो तिथेच ती ओळ होती, मदतीच्या वेगळ्या पानावर असती तर मी कशाला उघडून बघितली असती?

पुढे गाडी ८२ वर अडली. उरलेल्या चौकटी: क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, लिफ्टची देखभाल करणारी कंपनी. 'आमच्याकडे नाही' असं सांगायची सोयच नाही. दर सोमवारी सकाळी मोबाईलवर 'तुमचा प्रोजेक्ट अपूर्ण आहे'. चौथ्या सोमवारी मी लिफ्ट कंपनीच्या नावात 'जिना' लिहिलं. ८६ टक्के.

कागदपत्रांचं काम मात्र पट्टीमुळे झालंच नाही. ते झालं सभासदांच्या पानामुळे. त्यांना चार मोठी बटणं दिसतात: देखभाल भरा, तक्रार नोंदवा, कागदपत्रं, पाहुणा. मी जे चालू केलेलं नाही ते राखाडी, आणि खाली सगळ्या चोवीस घरांना वाचता येईल असं, 'सेक्रेटरींनी अजून सुरू केलेलं नाही'. भाजीच्या गाडीवर दोघींनी विचारलं, जिन्यात एकाने. तिसऱ्या दिवशी मी उपविधी आणि गेल्या पाच सभांची इतिवृत्तं स्कॅन करून चढवली. पुण्यात माणसाला कामाला लावायला याहून स्वस्त उपाय नाही.

पण ते बटण चालू कुठून करायचं, हे शोधायला अर्धा तास गेला. सेटिंग्ज, मग 'प्रगत', मग 'सेवा'. बदनामी पहिल्या पानावर आणि उपाय तळघरात! हे मी त्यांना कळवलं. माझ्यामुळे असं म्हणत नाही, पण मार्चमध्ये पान बदललं. आता मी लॉगिन केलं की त्याच राखाडी बटणाखाली 'सुरू करा' येतं, दाबलं की तेवढ्यापुरत्या तीन-चार चौकटी उघडतात, भरून झाल्या की परत त्याच पानावर. तक्रारींचं बटण मी चहा उकळेपर्यंत चालू केलं. पहिली तक्रार पिवळ्या रेघेवाल्या काकांची, पार्किंगमधल्या दिव्याबद्दल.

तुमची सोसायटी नवी, लिफ्ट-तलाववाली असेल तर बिनधास्त घ्या. आमच्यासारखी जुनी असेल तर घेण्याआधी देखभालीची चौकट उघडून दाखवायला सांगा, आणि पहिल्या महिन्याची बिलं हाताने ताडून बघितल्याशिवाय पाठवू नका. पाच पैकी साडेतीन तारे.

'पाहुणा' बटण अजून राखाडीच आहे. आमचे वॉचमन काका येणाऱ्याला "कोणाकडे?" असं विचारतात आणि वर आवाज देतात. त्यावरून अजून कोणी मला जिन्यात गाठलेलं नाही.