बाबांची स्विफ्ट, अण्णांचं गॅरेज आणि ८६,२०० रुपये

हा रिव्ह्यू अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजचा आहे. बाहेर बोर्ड नाही, आत एसी वेटिंग रूम नाही, गाडीखाली उतरून काम करायचे दोन खड्डे आणि एक पत्र्याची शेड. मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणतात. जुनी छोटी गाडी रेसिंग ट्रॅकवर न्यायची आहे आणि खिशात लाखाच्या आतलेच पैसे आहेत, अशा माणसाला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी २००७ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, एमएच १३. बाबांनी घेतली तेव्हा मी बारावीत होते. तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर, सगळं या गाडीनं झालं. पहिल्या पिढीची ही स्विफ्ट २००५ मध्ये आली, १२९८ सीसीचं १.३ इंजिन, ८७ बीएचपी, वजन साधारण एक टन. आकडे मोठे नाहीत, पण या इंजिनाला वर फिरायला आवडतं. चार हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे त्याचा आवाजच बदलतो. २०१० मध्ये त्याच्या जागी १.२ आलं. ते ॲव्हरेजला चांगलं आहे, पण मला ते कधी तसं भिडलं नाही.

दुसरी गाडी घ्यायचा विचारही करून झाला होता. पॅलिओ १.६ जास्त ताकदीची, पण तिचे सुटे भाग शोधत गावोगाव फिरावं लागतं. पोलो जीटी टीएसआय मला मनापासून आवडते, पण तिचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स एकदा बिघडला की एका बिलात माझं सगळं बजेट संपेल. स्विफ्टचा माल सोलापुरात दुपारपर्यंत मिळतो. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते, त्यामुळे हे गणित मला लगेच पटलं.

मात्र सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. दुसऱ्या शहरातल्या एका मॉडिफिकेशनच्या दुकानात फ्री फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर आणि हवेचा उघडा कोन फिल्टर बसवून घेतला. गेले २३,००० रुपये. आवाज वाढला, खालच्या आरपीएमला पिकअप उलट कमी झाला. फिल्टर बॉनेटखाली उघडा असल्यामुळे तो इंजिनाचीच गरम हवा ओढत होता, आणि एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात बॉनेटखाली काय तापतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय तो सायलेन्सर रस्त्यावर कायदेशीर नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. दुकानदाराने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

त्याच अवस्थेत मागच्या वर्षी फेब्रुवारीत गाडी कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर नेली. हा २.१ किलोमीटरचा ट्रॅक एस. करीवर्धन यांच्या नावाने आहे. त्यांनी भारतातल्या तरुण चालकांसाठी फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या बांधल्या. मारुती ८०० च्या इंजिनावर रेसिंग शिकता येतं हे त्यांनी करून दाखवलं, म्हणून त्या गेटमधून आत शिरताना मला खरंच भरून आलं होतं. चौथ्या लॅपला (फेरीला) वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल थेट फळीला टेकलं. गाडी सरळ मातीत गेली. कुणाला लागलं नाही, गाडीलाही नाही, पण परत येईपर्यंत माझे पाय थरथरत होते.

झालं असं होतं की ब्रेक ऑइल कित्येक वर्षांत बदललेलंच नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ब्रेक पॅडची उष्णता ते दाबणाऱ्या कॅलिपरमधून ऑइलपर्यंत पोचली, ऑइलला उकळी फुटली, वाफेचे बुडबुडे झाले. बुडबुडा दाबला की दबतो, मग चाकापर्यंत जोर जायचा कसा? हे मी आधी वाचलं होतं. पायाखाली कळलं ते त्या दिवशी.

अण्णांचा पत्ता कारखान्यातल्या टेम्पो ड्रायव्हरने दिला. मी माझी यादी घेऊन गेले: ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग, मोठे रिम. अण्णांनी यादी वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "ओ अक्का, हे नंतर बघू की. आधी खड्ड्यात उतरा." मी उतरले. त्यांनी लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या रबरी बुशात पहार घालून हलवली, रबर तुकडे होऊन खाली पडलं. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टाय रॉडच्या एंडला प्ले, म्हणजे ढिलेपणा. पुढचे दोन्ही शॉकअप तेल सोडत होते. मग रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आतला पांढरा थर बोटाने खरवडून दाखवला. "बोअरचं पाणी घातलंय. लई वर्षं घातलंय." घातलं होतं. आधीच्या मिस्त्रीने कूलंटचे पैसे घेऊन नळीने पाणी भरलं होतं, आणि आम्ही बिल बघून समाधानी होतो.

पहिल्या भेटीत अण्णांनी एक रुपया घेतला नाही. तासभर नुसती गाडी दाखवली. माझ्या लेखी गॅरेजचा निम्मा रिव्ह्यू इथेच संपतो.

काम जुलैत सुरू झालं. खालचं सगळं आधी: लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, टाय रॉड एंड मिळून ९,२००. चारही शॉकअप नवे, कंपनीचेच, माउंटसकट १४,५००. गाडी खाली बसवायला अण्णांनी साफ नकार दिला. कारण सोपं होतं, आमच्या जुळे सोलापुरातले स्पीडब्रेकर. आणि नवे शॉकअप बसल्यावर मला पटलं की मी इतकी वर्षं ही गाडी खऱ्या अर्थाने चालवलीच नव्हती. ब्रेकवर नाक पूर्वीइतकं खाली जात नाही. होटगी रोडच्या वळणावर स्टिअरिंग दिलं की गाडी लगेच वळते, आधी हिंदकळत नाही.

ब्रेकवर ११,३०० गेले. पुढच्या डिस्क नव्या, जास्त उष्णता सोसणारे सेमी मेटॅलिक पॅड, मागे नवे लायनर, कॅलिपर उघडून सील बदलले, आणि डॉट ४ ऑइल. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना अण्णांनी पोराला पेडलवर बसवलं आणि स्वतः चाकापाशी बसले. आधी लांबचं चाक, मग जवळचं, नळीतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत. पाऊण तास गेला. एरवी हे काम सर्व्हिसिंगमध्ये दहा मिनिटांत उरकलेलं पाहिलं आहे. हे पॅड सकाळी थंड असताना थोडे वाजतात आणि रिमवर काळी भुकटी बसते. मला चालतं.

नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, होस आणि खरंखुरं कूलंट, ८,४००. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर ६,८००. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे, आणि आमचा कधी बदलला होता हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. सायलेन्सर आणि फिल्टर बॉक्स पुन्हा मूळचे बसवले. त्याची वेगळी मजुरी अण्णांनी लावली नाही.

टायर हा एकच भाग मी बाहेर केला. व्हीएक्सआयवर १६५/८० आर १४ होते. झेडएक्सआयवर येणारं १८५/७० आर १४ हे माप घेतलं, म्हणजे रुंदी वाढली आणि कंपनीचं मापही राहिलं. त्यासाठी वापरलेले रिम घेतले ६,००० ला, चार नवे टायर १८,०००. टायर घेताना कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदाराने मला पहिल्यांदा पाच वर्षं पडून असलेले काढून दिले होते. वळणात या टायरची उंच बाजू लवचते हे खरं आहे, १५ इंचीवर तसं कमी होतं, पण या पैशात मला रबर नवं हवं होतं.

अलाइनमेंटची मशीन अण्णांकडे नाही. पण गाडी तिकडे पाठवण्याआधी त्यांनी पुढच्या शॉकअपचे खालचे दोन्ही बोल्ट सैल केले, भोकात जेवढी जागा होती तेवढं चाक वरून आत ढकललं आणि आवळलं. एक नवा भाग न घालता दोन्हीकडे उणे अर्ध्या अंशाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत कल, मिळाला. अलाइनमेंटवाल्याकडून छापील कागद घ्या. नुसतं "ओके आहे" ऐकून उठू नका.

आता तक्रारी. बारा दिवस सांगितले, लागले चौतीस. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा गॅरेज दोन दिवस बंद. ते मला आधीच माहीत होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण बाकीचे वीस दिवस फोन उचलला असता तर बरं झालं असतं. लेखी अंदाजपत्रक मिळत नाही. मी वही ठेवली आणि रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर आकडे लिहिले, तेव्हा हिशेब जुळला. एक गोष्ट गंभीर होती: डावा लोअर आर्म न विचारता लोकल बसवला होता. उजव्याच्या आणि डाव्याच्या बॉल जॉइंटचं रबर वेगळं दिसलं म्हणून माझ्या लक्षात आलं. विचारल्यावर अण्णांनी आढेवेढे घेतले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चाने बदलून दिला. तरी मी विचारायच्या आधी सांगायला हवं होतं. बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगा. ते ठेवतात.

मजुरी १२,००० धरून एकूण ८६,२००.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा कोइमतूर. विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, जवळपास हजार किलोमीटर, त्याच गाडीने. शेजारी बाबा, मागे कडक भाकरी, शेंगा चटणी, पॅडचा जादा सेट आणि सीलबंद ब्रेक ऑइल. पोचल्यावर स्टेपनी, जॅक, पायपुसणी, सगळं उतरवलं. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरकतं. टायरमध्ये थंड असताना २८ हवा, पंधरा मिनिटांच्या सेशननंतर ३४. बाबा प्रत्येक वेळी मोजून माझ्या वहीत लिहीत होते. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू फिरायचा आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, हे अण्णांनी चार वेळा बजावलं होतं.

दिवसभरात पाच सेशन झाले. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. ज्या वळणावर मागच्या वेळी मातीत गेले होते तिथे पहिल्या सेशनला मी फार आधी ब्रेक दाबत होते, भीतीच होती. तिसऱ्या सेशनला पेडल पहिल्यासारखंच घट्ट लागलं, तेव्हा थोडं उशिरा दाबलं, मग आणखी थोडं. सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्या मला सहज टाकून जात होत्या. वळणात त्या पुन्हा समोर दिसायच्या. पाचव्या सेशनला बाबा हेल्मेट घालून शेजारी बसले. उतरल्यावर बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, नेहमीच्या खासगी कारच्या विम्यात रेसिंग आणि वेगचाचणी धरत नाहीत. ट्रॅकवर जे मोडेल ते आपल्याच पैशाने. त्या हिशेबाने चालवा.

अण्णांकडे जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर खड्डा रिकामा मिळत नाही. कोणत्या कंपनीचा माल हवा ते आधीच लिहून द्या. मागच्या ड्रमचे व्हील सिलेंडर माझे अजून राहिलेत. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे, आणि या वेळी ती अण्णांच्याच हाताने माझ्या वहीत लिहून घेतली आहे.