'लाईट कॉन्फिगर केलेलं' सेकंडहँड डिजिटल इंजिन घेताय? आधी हे वाचा

जर्मनीत राहून एचओ स्केलच्या छोट्या मॉडेल ट्रेन जमवणारे आपले काही लोक आहेत, आणि पुण्या-मुंबईतले काही जण इथल्या नातेवाइकांकडून सेकंडहँड इंजिनं मागवतात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. मला ज्या माणसाने गंडवलं तो आजही तशाच जाहिराती टाकतोय.

मी स्टुटगार्टजवळ राहतो. जाहिरात होती जर्मन रेल्वेच्या क्लास २१८ डिझेल इंजिनाची. नवा ईएसयू कंपनीचा लोकपायलट ५ डिकोडर (इंजिनाच्या आत बसणारी, मोटर आणि लाईट चालवणारी चिप), दोन्ही बाजूचे पांढरे आणि लाल लाईट वेगवेगळ्या बटणांवर, कॅबमध्ये दिवा, सगळं कॉन्फिगर करून तयार, फक्त रुळावर ठेवा. साध्या २१८ पेक्षा ७० युरो जास्त मागत होता आणि ते जास्तीचे पैसे निव्वळ लाईटच्या कामाचे. ज्यांना हा नाद नाही त्यांना वाटेल लाल लाईटसाठी एवढं काय, पण खऱ्या रेल्वेत इंजिन डबे ओढत असलं की लाल दिवे शेवटच्या डब्यावर लागतात, इंजिनाच्या पाठीवर नाही, त्यामुळे मॉडेलमध्ये पहिल्या डब्याच्या तोंडावर लाल उजेड पडला की सगळी मजाच जाते.

त्याने व्हिडिओ पाठवला. इंजिनाची मागची बाजू दिसतेय, लाल दिवे चालू, बटण दाबलं, लाल बंद. मी पैसे पाठवले. त्याने आग्रह धरला की पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिलीनेच (म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पद्धतीने) पाठवा, नाहीतर मला फी पडते, आणि तिथेच त्याने पहिला फास टाकला कारण त्या पद्धतीने पाठवलेल्या पैशांना बायर प्रोटेक्शन लागूच होत नाही.

इंजिन आलं. कंट्रोलरवरचं एफ०, म्हणजे लाईटचं मुख्य बटण, दाबलं की पुढे पांढरे आणि मागे लाल एकदम लागतात, दिशा बदलली की उलट. बाकी कुठल्याही बटणावर काही नाही. मग लक्षात आलं की व्हिडिओत त्याने एफ०च बंद केलं होतं, पुढचे पांढरेही त्याच क्षणी गेले असणार पण ती बाजू फ्रेममध्येच नव्हती.

त्याला विचारलं तर म्हणे तुमचं कमांड स्टेशन (ट्रेन चालवायचा डिजिटल कंट्रोलर) जुनं आहे, मॅपिंग (कुठल्या बटणावर कुठला लाईट ते) उडालंय, २५ युरोत सीव्हीची, म्हणजे डिकोडरमधल्या नंबर दिलेल्या सेटिंगची, लिस्ट देतो. ते पण दिले, म्हटलं चला एकदाचं होऊन जाऊ दे. लिस्टमध्ये काय, तर सीव्ही ३३ मध्ये १, सीव्ही ३४ मध्ये २, सीव्ही ३५ मध्ये ४, सीव्ही ३६ मध्ये ८. आता ही सरळ एनएमआरए (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) पद्धत आहे, १ म्हणजे डिकोडरची पांढरी वायर, २ पिवळी, ४ हिरवी, ८ जांभळी. पण लोकपायलट ५ मध्ये फंक्शन मॅपिंग असं होतच नाही, तिथे आधी सीव्ही ३१ आणि ३२ सेट करून आतल्या पानांवर जावं लागतं. म्हणजे जो स्वतः म्हणतो मी ईएसयू बसवलाय त्याची लिस्टच ईएसयूची नाही!

मग प्रोग्रामिंग ट्रॅकवर (डिकोडरची सेटिंग वाचायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही ८ वाचला. त्यात डिकोडर बनवणाऱ्याचा नंबर असतो, ईएसयूचा १५१, झिमोचा १४५, लेन्झचा ९९. माझ्या इंजिनाने उत्तर दिलं १३. हा नंबर घरगुती, हौशी बनावटीच्या डिकोडरसाठी ठेवलेला आहे. त्याच ट्रॅकवर माझं दुसरं इंजिन ठेवलं तर ते व्यवस्थित १५१ सांगतंय, त्यामुळे कमांड स्टेशनचा दोष म्हणायलाही जागा उरली नाही.

शेवटी बॉडी काढली. डिकोडर काळ्या हीटश्रिंकमध्ये गुंडाळलेला, आत कसलंही नाव नाही. जांभळी वायर मुळापासून कापलेली, हिरवी नुसती लोंबतेय. पांढरी वायर पुढच्या पांढऱ्या आणि मागच्या लाल एलईडीला एकत्र जोडलेली, पिवळी त्याच्या उलट. आणि कॅबमधला दिवा? एलईडी होता, हॉट ग्लूने छताला चिकटवलेला, पाय छाटलेले, एकही वायर नाही. खिडकीतून फोटो काढला की दिवा आहे असं दिसावं एवढ्यासाठी तो तिथे ठेवला होता. हे बघून मला खरंच संताप आला, कारण ही चूक नाही, बसून केलेली लबाडी आहे.

एक गोष्ट कृपया नीट समजून घ्या, विकणारे याच्यावरच खेळतात. सीव्ही बदलून कुठल्या बटणावर कुठली वायर चालू होणार ते ठरतं, वायरींची जोडणी बदलत नाही. लाल आणि पांढरा एकाच वायरवर असतील तर जगातली कुठलीही सीव्ही त्यांना वेगळं करू शकत नाही, तिथे सोल्डरिंगच लागतं. त्यात हे इंजिन डिकोडर जोडायच्या जुन्या ८ पिनच्या सॉकेटचं, त्या प्लगमध्ये लाईटसाठी पांढरी, पिवळी, हिरवी एवढ्याच तीन आउटपुट येतात. दोन्ही टोकांचे पांढरे-लाल वेगळे म्हणजे चार, वर कॅबचा दिवा म्हणजे पाच. त्यामुळे ८ पिनच्या इंजिनावर कोणी 'सगळे लाईट वेगळे' म्हणत असेल तर जास्तीच्या वायरी कुठून घेतल्या त्याचा बॉडी उघडून काढलेला फोटो मागा. २१ पिन किंवा प्लक्स२२ सॉकेट असेल तर आउटपुट भरपूर मिळतात, पण तिथेही इंजिनाच्या बोर्डवर लाल-पांढरे वेगळे काढलेत का हे विचाराच.

व्हिडिओ मागताना इंजिनामागे आरसा ठेवायला सांगा म्हणजे दोन्ही टोकं एकदम दिसतात, आणि पुढचे पांढरे चालू असताना मागचे लाल बंद करून दाखवायला सांगा. त्याच व्हिडिओत सीव्ही ८ वाचून आकडा दाखवायला सांगा. खरा माणूस पाच मिनिटात करून देतो. हा बाबा मात्र तेव्हा गप्प झाला आणि मग चोराच्या उलट्या बोंबा, म्हणे तुम्हीच डिकोडर बदलला, आणि प्रायव्हेट सेल आहे, वॉरंटी नाही, रिटर्न नाही.

ते वाक्य ऐकून बरेच जण नाद सोडतात. सोडू नका. जर्मन कायद्यात, बीजीबीच्या (जर्मन नागरी संहितेच्या) कलम ४४४ प्रमाणे, विकणाऱ्याने मुद्दाम दोष लपवला असेल तर 'वॉरंटी नाही' या वाक्याची ढाल त्याला घेता येत नाही. मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ, चॅट, सीव्ही ८ चा फोटो आणि उघडलेल्या इंजिनाचे फोटो जोडून पोलिसांच्या ऑनलाईन पोर्टलवर तक्रार टाकली आहे, आणि पैसे परत मागणारं पत्र मुदत घालून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलंय. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे पाठवायच्या आधीच घ्या, माझ्या तक्रारीनंतर त्याने मजकूर बदलून नुसतं 'डिजिटल, लाईट चालू' करून टाकलं.

भारतात मागवणाऱ्यांनी तर इंजिन बॅगेत भरायच्या आधी इथल्या माणसाकडून लाईट तपासून घ्या. घरी सेट नसेल तर जवळच्या मॉडेल ट्रेन क्लबमध्ये नेऊन सीव्ही ८ वाचून द्या म्हटलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.