दहावीची ‘कुमारभारती’: धडे भरघोस, लेखनाची पानं अपुरी

बालभारतीची दहावीची ‘कुमारभारती’, म्हणजे मराठी प्रथम भाषेचं पुस्तक, २०१८ साली आली. वाचनाचं पुस्तक म्हणून ती फार चांगली आहे. मुलांना स्वतःचं काही लिहायला शिकवताना मात्र ती मध्येच हात सोडते. तिथून बहुतेक मुलं गाइडाकडे वळतात आणि सगळ्या वर्गाची आत्मकथनं, म्हणजे एखादी वस्तू स्वतःच बोलते आहे असं धरून केलेली लेखनं, एकाच वाक्यानं सुरू होतात. लेखनाला लागणारी बरीचशी शिदोरी खरं तर याच पुस्तकात आहे. ती शेवटच्या उपयोजित लेखनाच्या (पत्र, बातमी, जाहिरात वगैरे) पानांपेक्षा धड्यांमध्ये जास्त आहे.

ना. सी. फडके यांचा ‘काळे केस’ घ्या. केस अजून इतके काळे कसे, या एका साध्या प्रश्नावरून लेखक स्वतःच्या विचार करण्याच्या सवयीपर्यंत पोचतो. वैयक्तिक लेखनाची सुरुवात कुठून करायची, याचा एवढा स्वच्छ नमुना शालेय पुस्तकात क्वचितच मिळतो. विषय मोठा लागत नाही, तो कुठे नेतो ते महत्त्वाचं. दुर्गा भागवतांचा ‘वसंतहृदय चैत्र’ निरीक्षणासाठी. नुसतं ‘झाडं बहरली’ म्हणून त्या सुटका करून घेत नाहीत. पिंपळ, मधुमालती, घाणेरी, फणस, प्रत्येकाचं रूप वेगळं टिपतात. अरविंद जगताप यांच्या ‘आप्पांचे पत्र’मध्ये शाळेचा शिपाई मुलांना लिहितो. अनौपचारिक पत्राला मायना आणि समारोप याखेरीज बोलणाऱ्या माणसाचा आवाज लागतो, हे त्या धड्यातून न सांगता कळतं.

आता गुणांचं गणित. ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखन २४ गुणांचं. पत्र किंवा सारांश ६, जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी दोन कृती प्रत्येकी ५, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एक ८ गुणांना. धड्यांखालच्या अभिव्यक्तीच्या कृती मात्र परीक्षेत ३ गुणांचं स्वमत म्हणून येतात, म्हणून वर्गात त्यांची चार ओळींची ठरीव उत्तरं फळ्यावरून उतरवली जातात. इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. ‘वाट पाहताना’ हा अरुणा ढेरे यांचा धडा वाचून झाल्यावर मुलाला स्वतः कशाची वाट पाहिली त्याबद्दल पानभर लिहू द्यायला हवं. शेवटच्या परीक्षेत त्याचे तीनच गुण असले तरी आठ गुणांच्या लेखनाचा खरा सराव तोच.

द. भा. धामणस्कर यांची ‘वस्तू’ ही कविता आणि आत्मकथन यांची सांगड घातली की फरक लगेच दिसतो. वस्तूंना जीव नसला तरी तो असल्यासारखं त्यांच्याशी वागावं, असं कविता सुचवते. तिच्यानंतर लगेच घरातल्या एका जुन्या वस्तूवर लिहायला द्या. पहिला खर्डा बहुधा असा येतो: ‘मी एक छत्री आहे. माझा जन्म कारखान्यात झाला. मी सर्वांना पावसापासून वाचवते.’ ही कुठलीही छत्री आहे. मग तीनच प्रश्न विचारायचे. छत्री घरात कुठे टांगलेली असते? तिचं काय मोडलं आणि ते कोणी दुरुस्त केलं? तिला काय दिसतं आणि काय दिसूच शकत नाही? दुसऱ्या खर्ड्यात वाक्य येतं: ‘माझी मूठ फुटली तेव्हा आजोबांनी तिथे सुतळी गुंडाळली. आता हात ओला असला की ती टोचते.’ शब्द फारसे वाढले नाहीत, पण आता ही एका घरातली छत्री झाली. तिसरा प्रश्न सोडू नये. दाराआडच्या छत्रीला स्वयंपाकघरातलं भांडण ऐकू येईल, पण दिसणार नाही. हे भान सुटलं की आत्मकथन कोसळतं.

पुस्तक कमी पडतं ते नेमकं या दोन खर्ड्यांच्या मधे. उपयोजित लेखनाच्या विभागात तयार नमुने आहेत, पण कच्च्या लेखनातून पक्कं कसं करायचं, काय खोडायचं आणि का, हे उलगडून दाखवलेलं नाही. त्यामुळे मुलं नमुना पाठ करतात.

आराखड्याच्या काही चुका तर दरवर्षी त्याच. कृतीत कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका दिली की मुलं बातमी ‘होणार आहे’ अशी लिहितात. बातमी घडून गेलेल्या घटनेची, भूतकाळात आणि तृतीयपुरुषात हवी. ती ‘मी’नं लिहिली की गुण गेले. तीच पत्रिका प्रसंगलेखनाला आली तर उलट. तिथे ‘मी’ हवाच, कारण तुम्ही हजर होतात असं धरून लिहायचं असतं. स्थळ, वेळ आणि पाहुणे पत्रिकेतून जसेच्या तसे घ्यायचे, बाकी सभागृहातलं जे दिसलं आणि ऐकू आलं ते स्वतःचं. सारांश मूळ उताऱ्याच्या एकतृतीयांश. त्यात उताऱ्यातली वाक्यं उचलायची नाहीत आणि आपलं मतही घालायचं नाही. पत्राचा नवा आराखडा ईमेलच्या धर्तीचा, सगळं डाव्या समासाला धरून, त्यामुळे जुन्या वह्यांवरून शिकणाऱ्या मुलांचा घोळ होतो.

आठ गुणांच्या लेखनाची मर्यादा १०० ते १२० शब्दांची. साधारण हस्ताक्षरात ते १५ ओळींच्या आसपास बसतं. दोन तासिका पुरतात: पहिलीत धड्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचून खर्डा, दुसरीत जोडीदाराला वाचून दाखवून दुरुस्ती. जोडीदारानं ‘छान आहे’ म्हणायचं नाही. जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही वहीत चाललं असतं त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. आठवड्याला असं एक लेखन झालं तरी सहामाहीपर्यंत वहीत दहा-बारा जमतात.

पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येते. महाराष्ट्राबाहेर मुलांना मराठी शिकवणाऱ्या पालकांनी ती जरूर घ्यावी, आणि सुरुवात पहिल्या पानापासून न करता ‘आप्पांचे पत्र’पासून करावी. त्याची भाषा सगळ्यात बोलकी आहे आणि वाचून झाल्यावर आप्पांना उत्तर लिहायला मुलांना फार आग्रह करावा लागत नाही.