वारीला निघताना पहिला मुक्काम कुठे? आळंदीत दिंडीसोबत की पुण्यात नातेवाइकांकडे

ज्येष्ठ लागला की मुंबईतल्या ओळखीच्या लोकांचे मेसेज सुरू होतात. दिंडी ठरलीय, दिंडीची भिशी (जेवणखाण, मुक्काम, सामानाची वर्गणी) भरलीय, ऑफिसात सुट्टी मागून झालीय, आता फक्त सांग की आळंदीला जाऊन राहू की सरळ पुण्यात जॉईन होऊ. पुण्यात मावशी, आत्या, चुलत भाऊ कोणी ना कोणी असतंच आणि ते लोक पण आग्रह करतात की आळंदीच्या गर्दीत कशाला मरताय, पालखी दोन रात्री इथेच आहे, आरामात राहा आणि एकादशीला पहाटे निघा. ऐकायला एकदम पटतं. मी दोन्ही प्रकारे निघून बघितलंय म्हणून लिहितोय. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे पुढे कळेलच, पण तुमचं वय, गुडघे आणि पोट बघून तुम्ही ठरवा.

देहू की आळंदी यात मी पडत नाही, ते तुमची दिंडी कुठल्या पालखीत आहे त्यावर ठरतं. फक्त अजून दिंडीच ठरली नसेल आणि पहिल्या दिवशी पाय जपायचे असतील तर तुकोबांच्या पालखीचा देहू ते आकुर्डी हा पहिला टप्पा बराच सोपा आहे, आणि आकुर्डीला लोकल स्टेशन आहे. माउलींच्या पालखीत तशी दयामाया नाही, पहिल्याच दिवशी आळंदी ते पुणे 30 किलोमीटरच्या आसपास चालणं पडतं.

तारखेचं एक आधीच बघून ठेवा. प्रस्थान, म्हणजे पालखी देवळातून निघण्याचा सोहळा, ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या तिथीवर असल्यामुळे आळंदीचं प्रस्थान 2023 ला 11 जूनला होतं, 2024 ला 29 जूनला आणि 2025 ला 19 जूनला, म्हणजे मागच्या वर्षीच्या अंदाजाने सुट्टी टाकली तर फसाल. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी बसून टाका, कारण त्या आठवड्यात दादरवरून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना लगेच वेटिंग लागतं.

मुंबईवरून जायचं कसं, तर आळंदीला राहणार असाल तर पुणे स्टेशनला उतरूच नका असं मी म्हणेन. सिंहगड एक्सप्रेस चिंचवडला थांबते, तिथून भोसरी आणि भोसरीवरून पीएमपीच्या बसने आळंदी, पुण्याचं अख्खं ट्रॅफिक वाचतं. सकाळीच पोचायचं असेल तर इंद्रायणी आहे, आळंदीला जाताना त्या नावाच्या गाडीत बसायला बरं पण वाटतं, पण ती सीएसएमटीवरून पहाटे 5:40 ला सुटते आणि वळकटी घेऊन पहिल्या लोकलने दादर गाठायचं म्हणजे रात्रभर झोपेचे वांधे. पावसाने घाटात दरड आली की रेल्वेचा भरवसा नाही, तेव्हा मग दादरवरून एसटी. शिवनेरी थोडी महाग पण बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 75 च्या वरच्यांना फुकट, त्यामुळे आमच्या चाळीतली म्हातारी मंडळी रेल्वेकडे बघत पण नाहीत. स्वतःची गाडी आणू नका. आळंदीचे रस्ते बंद होतात, गाडी कुठेतरी लांब लावावी लागते आणि मग ती परत आणायला कोण जाणार हा वेगळाच प्रश्न.

एक लक्षात ठेवा, सप्तमीला देहूचं प्रस्थान असतं त्यामुळे त्या बाजूला गाड्या अडकतात आणि अष्टमीला आळंदीत शिरायलाच कोसभर चालावं लागतं. म्हणून मी सप्तमीच्या संध्याकाळी पोचतो.

आता पुण्यात राहण्याचे फायदे, ते खरंच आहेत. गरम पाणी, स्वतःचा संडास, फोन चार्ज, मावशीच्या हातचं जेवण. ज्यांना शुगरच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात किंवा ज्यांची पाठ फरशीवर लागत नाही त्यांनी पहिल्या दोन रात्री तरी नीट झोपावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. शिवाय नवमीला दोन्ही पालख्या पुण्यात शिरतात आणि तो दिवस बघण्यासारखा असतो. दशमीला दुपारी भवानी पेठेत पालखी विठोबाला माउलींचं आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबांचं दर्शन घेऊन, रांग लांब असते पण होतं, रात्री घरी येऊन झोपायचं. आळंदी ते पुणे हा टप्पा तुमचा बुडतो, पण ज्यांना रजा कमी आहे त्यांना तेवढाच एक दिवस वाचतो.

आळंदीतलं राहणं असं नाही. धर्मशाळा आणि मठ आधीच दिंड्यांनी भरलेले असतात, नवीन माणसाला खोली वगैरे विसरा. आमची दिंडी एका मंगल कार्यालयात उतरते. आळंदीत लग्नं किती लागतात ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे कार्यालयांना तोटा नाही. एका वर्षी हॉलमध्ये शिरलो तर स्टेजवर आदल्या लग्नाचं थर्माकोल तसंच, नवरा-नवरीची नावं चमकीमध्ये, आणि त्याच्याखाली ओळीने वळकट्या टाकून परभणीकडची माणसं झोपलेली. त्यातल्या एका आजीने मला सरकून जागा दिली आणि विचारलं, माउली, पहिल्यांदाच का? माझे बूट बघूनच ओळखलं असणार. रात्री अडीचला नळावर रांग लागते. तीनला उठलात तर पुढे पंधरा-वीस जण, साडेतीनला उठलात तर आंघोळ विसरा. इंद्रायणीवर जाऊन करू म्हणाल तर ते तुमच्यावर आहे, नदीवर कधीकधी पांढरा फेस तरंगताना दिसतो तो बघून मी घाटावर पाय धुऊन परत येतो. आणि घोरणारे. त्यावर काही उपाय नाही, कापसाचे बोळे न्या.

प्रस्थान बघायला मिळेल म्हणून आळंदीला चाललो असं कोणी म्हणालं तर मी त्यांना थोडं थांबवतो. देवळात मानाच्या 47 दिंड्यांना प्रवेश असतो, बाकीचे आपण बाहेर. कळस हलला, म्हणजे माउलींची निघायची परवानगी मिळाली असं मानतात, हे आपल्याला आतून आलेल्या गलक्यावरून कळतं. वेळ पण पक्की नाही, कधी चारला म्हणतात आणि संध्याकाळ होते, 2025 ला गुरुवार आला होता, गुरुवारी देवळातली नेहमीची पालखी आधी असते, तेव्हा तर रात्रच झाली. आणि एवढं होऊन पालखी त्या रात्री आळंदीतच आजोळघरी मुक्कामाला असते, म्हणजे तुम्हाला त्याच हॉलमध्ये दुसरी रात्र. सोहळ्याचा विचार केला तर पुणेच सोयीचं, टीव्हीवर उलट जास्त दिसतं.

मग तरी मी आळंदीच्या बाजूने का, तर सामानामुळे. ऐकायला क्षुल्लक वाटेल.

दिंडीत तुमचं सामान ट्रकने पुढे जातं, ते सगळ्यांना माहीत असतं, भिशीत त्याचे पैसे धरलेले असतात. पण तो ट्रक कुठे उभा असतो आणि कधी बांधला जातो हे पुण्यात जॉईन होणाऱ्याला कोणी सांगत नाही, कारण आळंदीपासून असणाऱ्यांना ते विचारावंच लागत नाही, ते उठले की वळकटी बांधून दारातच ट्रकवर टाकतात. मी ज्या वर्षी कोथरूडला मावशीकडे राहिलो त्या वर्षी दशमीला संध्याकाळी जेवून बॅग घेऊन निघालो. मावशी म्हणत होती, अरे एवढ्या रात्री कुठे जातोस, सकाळी जा की. रिक्षावाल्याने स्वारगेटच्या अलीकडेच सोडलं, पुढे रस्ता बंद. तिथून बॅग डोक्यावर. दिंडी नाना पेठेतल्या एका शाळेत आहे एवढंच माहीत होतं. फोन लावला की रिंग जाते आणि समोरच्याला काही ऐकू येत नाही, मागे भजन चालू. एकाने सांगितलं रामोशी गेटला या, तिथे गेलो तर दुसऱ्याच दिंडीचे ट्रक, तिसऱ्याने सांगितलं ट्रक शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. सापडला तेव्हा ताडपत्री अंथरून, वरून दोरी आवळून, ड्रायव्हर चहा पीत होता. दिवे घाट वारीसाठी बंद व्हायच्या आत सासवडला पोचायचं म्हणून ट्रक रात्रीच निघणार होता. मी बॅग पुढे केली तर सामानाचं बघणारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, माउली, आता दोरी सोडायची नाही, सकाळी सासवडला आणून द्या.

सकाळी सासवडला आणून द्या! पुणे ते सासवड 32 किलोमीटर, वारीतला सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवे घाट, त्यात एकादशी म्हणजे पोटात खिचडी आणि केळी, आणि पाठीवर सतरंजी, चादर, दोन जोड कपडे, छत्री आणि मावशीने कोंबलेला चिवड्याचा डबा. घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, मी त्या बैलांकडे फार आपुलकीने बघत होतो. हडपसरला एका मुलाने बॅग थोडा वेळ घेतली, भला माणूस. सासवडला पोचेपर्यंत खांद्यावर पट्ट्याचे वळ उठले होते आणि ट्रकपाशी तेच गृहस्थ परत हात जोडून हसत उभे, द्या माउली इकडे.

त्यांचं चुकलं असं नाही, त्यांना शेकडो वळकट्या बघायच्या असतात. पण बॅगेची ती एक भानगड माझ्यासाठी गरम पाण्याला आणि गादीला पुरून उरली. आळंदीत राहिलात तर बॅग पहिल्या रात्रीपासून ट्रकच्या आसपास असते, त्यावर दिंडीचा नंबर लिहून होतो, दिंडी रथापुढची की रथामागची ते पण लिहायचं हे कोणीतरी शेजारचाच सांगतो, आणि सामानवाल्यांना तुमचं तोंड ओळखीचं होतं. पुढचे पंधरा-सोळा मुक्काम संध्याकाळी दमून आल्यावर त्या ढिगातून स्वतःची वळकटी शोधायची असते, तिथे ही ओळख कामाला येते. पुण्यात जॉईन झालेल्या माणसाला सासवडच्या मुक्कामात, म्हणजे सगळ्यात दमलेल्या संध्याकाळी, हे सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, तंबू कुठला, झोपायचं कुठे, ताट कोणाकडे मागायचं.

नातेवाइकांचं अजून एक. एकादशीला पालखी पहाटे निघते, म्हणजे कोथरूडवरून तुम्हाला तीन-साडेतीनला बाहेर पडायचं. मेट्रो आता वनाजवरून आहे पण पहिली गाडी सहाच्या सुमाराला, तोपर्यंत दिंड्या रस्त्याला लागलेल्या. मग मावसभावाला स्कूटर काढायला लावायची, अख्खं घर उठतं, मावशी अडीचला खिचडी परतते. कोणी काही बोलत नाही पण आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा मंगल कार्यालयात सगळेच उठलेले असतात.

आता समोरची बाजू पण सांगतो, नाहीतर बायको म्हणेल एकतर्फी लिहिलं. ती अजूनही पुण्याच्याच बाजूने आहे आणि तिचं म्हणणं चुकीचं नाही. अडीचला नळावर रांग हे पुरुष हसत सांगतात, बायकांना तोच प्रकार वेगळा पडतो, दाराला कडी नाही, आतला बल्ब गेलेला, बाहेर पाच जणी ताटकळत. फिरती शौचालयं ठेवतात, पण ती किती लांब आहेत हे आधी कळत नाही. तिने काढलेला मार्ग असा की नवमीला पहाटे पुण्याहून आळंदीच्या दिशेने उलटं जायचं, दिघीच्या आसपास दिंडीत शिरायचं, पुण्यापर्यंत चालायचं, आणि बॅग त्याच दिवशी दिंडीच्या शाळेत टाकून रात्री मावशीकडे झोपायला यायचं. दशमीचा अख्खा दिवस हातात राहतो. बायकांसाठी आणि साठीच्या पुढच्यांसाठी मला हा मार्ग बरा वाटतो, फक्त बॅग नवमीलाच टाका, दशमीच्या रात्रीवर ठेवू नका.

आळंदीतच लॉज घ्यावा का असं पण विचारतात. मिळाला तर घ्या, पण त्या दोन दिवसांचे भाव बघून तुम्हाला भवानी पेठेतलं हॉटेल स्वस्त वाटेल, आणि लॉजवर राहून ट्रकपासून लांबच राहिलात तर आळंदीला आल्याचा निम्मा उपयोग गेला. मी एकदा चौकशी केली होती, मालक म्हणाला खोलीत सहा जण झोपणार असाल तर परवडेल. म्हणजे परत हॉलच, फक्त छोटा.

फक्त पुणे ते सासवड एक दिवस चालून परत मुंबईला येणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही. तुम्ही दशमीला पुण्यात राहा, पाण्याची बाटली आणि रेनकोट एवढंच घ्या, आणि सासवडवरून परतीची एसटी घाट बंद असल्यामुळे बोपदेव घाटाने वळवलेली असते हे धरून चाला, रात्रीची मुंबईची गाडी बुक करू नका, दुसऱ्या दिवशीची करा.

बाकी सुट्टे पैसे ठेवा, नेटवर्क बसलं की यूपीआय चालत नाही आणि चहावाला थांबत नाही. भेटायची जागा फोनवर न ठरवता मुंबईतूनच ठरवून निघा. आणि दिंडीवाल्यांना भिशी भरताना जेवणात काय असतं ते विचारलं नाही तरी चालेल, ट्रक पुण्यात कुठल्या गल्लीत लागतो आणि दशमीला किती वाजता बांधतात तेवढं विचारा. त्यांनी 'संध्याकाळीच' असं उत्तर दिलं तर मावशीला फोन करून सांगा की येताना पंढरपूरवरून प्रसाद घेऊनच येतो, आणि सिंहगडचं तिकीट काढा.