ऑप्शनच्या मुदती सांभाळणारी ऑनलाइन सेवा: तारीख चोख, नोटीस कच्ची

मालमत्तेचे करार सांभाळणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचे सशुल्क सदस्यत्व आमच्या कार्यालयाने घेतले असून, भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणाचे आणि ठरावीक मुदतीत जागा विकत घेण्याचे जे ऑप्शन (म्हणजे मालकाने मुदतीपुरते खुले ठेवलेले आणि हवे तर नोटीस देऊन बजावता येणारे हक्क) आमच्याकडे आहेत, त्यांच्या तारखा आता याच सेवेत नोंदवलेल्या आहेत. पुढे काही दोष दाखवायचे असल्यामुळे सेवेचे नाव देत नाही. करार स्कॅन करून चढवला की सेवा त्यातील कलमे वाचून अंतिम तारीख काढते, वेळोवेळी रिमाइंडर पाठवते आणि वेळ आली की नोटिशीचा मसुदा तयार करून देते.

एवढ्यासाठी पैसे कशाला मोजायचे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु एरवी थोडासा उशीर चालवून घेणारी न्यायालये ऑप्शनच्या बाबतीत मात्र फार कडक असतात. ऑप्शनने मालक बांधला जातो, ऑप्शनधारक बांधला जात नाही. आणि मुदत संपताच मालकाचा प्रस्तावच संपुष्टात येत असल्याने, उशिरा आलेल्या नोटिशीला स्वीकारण्यासारखे काही उरलेलेच नसते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलटेक्स कंपनीच्या भाडेपट्ट्याच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. पट्टा संपण्यापूर्वी किमान दोन महिने नूतनीकरण मागण्याची अट तिथे पाळली गेली नव्हती आणि कंपनीला नूतनीकरण मिळाले नाही.

तारखेच्या हिशेबात ही सेवा खरोखर चांगली आहे. इंग्लंडमधील डॉड्स विरुद्ध वॉकर हा खटला ऑप्शनचा नव्हता, व्यावसायिक भाडेकरूला कायद्याने मिळणाऱ्या नूतनीकरणाचा होता. पण महिने कसे मोजायचे यासाठी तो नेहमी आठवावा लागतो. मालकाची नोटीस ३० सप्टेंबरची, अर्जाची मुदत चार महिन्यांची आणि अर्ज आला ३१ जानेवारीला. मुदत ३० जानेवारीलाच संपली, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) १९८१ मध्ये ठरवले आणि एका दिवसापायी भाडेकरूचा अर्ज बाद झाला. हीच तारीख आणि हीच मुदत मी सेवेत मुद्दाम घालून पाहिली, तेव्हा तिने ३० जानेवारी असेच उत्तर दिले. सहा महिने आणि १८० दिवस यांची ती गल्लत करत नाही. कलमात ‘किमान’ हा शब्द असेल तर एक दिवस आधीची तारीख धरावी, अशी सूचनाही ती देते.

अडचण नोटिशीपासून सुरू होते. आम्हाला मिळालेल्या मसुद्यात पुढील वाक्य होते: ‘आम्ही सदर भाडेपट्ट्याचे नूतनीकरण करण्यास इच्छुक असून भाड्याच्या दराबाबत चर्चा करू इच्छितो.’ असे पत्र मालकाच्या वकिलाच्या हाती पडले तर त्याला आनंदच होईल. इच्छा कळवणे आणि हक्क बजावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ऑप्शन विनाशर्त बजावावा लागतो, त्यामुळे चर्चेचे शेपूट जोडलेले पत्र नवा प्रस्ताव ठरण्याचा धोका असतो. आम्ही ते वाक्य काढून ‘या नोटिशीद्वारे आम्ही कलमानुसार आमचा नूतनीकरणाचा हक्क बजावत आहोत’ असे सरळ लिहिले. भाडे थकलेले नसणे किंवा करारातील अटींचा भंग झालेला नसणे ही ऑप्शनची पूर्वअट असेल, तर त्याविषयी सेवा एक प्रश्नही विचारत नाही, हे मला अधिक गंभीर वाटते. कारण तिथे तारीख पाळूनही हक्क हातचा जाऊ शकतो.

नोटीस पोहोचवण्याची व्यवस्था त्याहून लंगडी आहे. ईमेल रवाना होताच पडद्यावर ‘नोटीस दिली’ अशी हिरवी खूण उमटते आणि पुढचे रिमाइंडर बंद होतात. आमच्या करारात नोटीस नोंदणीकृत टपालाने, ठरलेल्या पत्त्यावर द्यायची होती. होलवेल सिक्युरिटीज विरुद्ध ह्यूजेस या १९७४ च्या इंग्लिश निकालात जागा खरेदीच्या ऑप्शनचे पत्र मुदतीत टपालात पडले होते, पण मालकाला ते मिळालेच नाही. करारात लेखी नोटीस मालकाला देण्याची अट असल्यामुळे नुसते टपालात टाकणे पुरेसे मानले गेले नाही. नोटिशीतील तारखेची उघड चूक माफ करणाऱ्या १९९७ च्या मॅनाई या इंग्लिश निकालातसुद्धा न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी बजावून ठेवले आहे की नोटीस निळ्या कागदावर द्यायची असे करारात असेल, तर गुलाबी कागदावरची चालणार नाही. हिरवी खूण पोच मिळाल्यावरच उमटावी, असे आम्ही सेवेला कळवले आहे. अद्याप बदल झालेला नाही.

सेवेच्या मदतपुस्तिकेत मात्र ‘प्रामाणिक चुकीमुळे झालेला उशीर न्यायालये माफ करतात’ असा दिलासा दिलेला आहे, तो काढून टाकावा हे बरे. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९७७ मध्ये जे. एन. ए. रिअल्टी प्रकरणात २४ वर्षांच्या नूतनीकरणाची नोटीस द्यायला चुकलेल्या रेस्टॉरंटचालकाला सवलतीचा मार्ग खुला केला, हे खरे. पण त्याने त्या जागेत पैसा घातला होता, ती गेली असती तर त्याचे मोठे नुकसान झाले असते, आणि तरीही उशिरामुळे मालकाचे काही बिघडले का हे तपासण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले गेले. मोकळ्या भूखंडाच्या खरेदीचा ऑप्शन हुकलेल्याला असे काही दाखवता येणे कठीण असते.

चुकीची जबाबदारी वर्षभराच्या शुल्कापुरतीच मर्यादित असल्याचे सेवेच्या अटींमध्ये लिहिलेले आहे, आणि हे सदस्यत्व बंद करायचे तर ३० दिवस आधी लेखी कळवावे लागते. ती तारीखही आम्ही तिच्यातच नोंदवून ठेवली आहे. ज्यांच्याकडे अनेक करार आहेत आणि नोटीस वाचून देणारा वकीलही आहे, त्यांनी तारखांसाठी ही सेवा जरूर घ्यावी. एकच करार असलेल्याने तेच पैसे वकिलाला द्यावेत, कारण त्याची गरज कलम वाचून घेण्याची आणि पोचपावती हातात येण्याची आहे, आणि या दोन्ही बाबतींत सेवेचा उपयोग जवळपास नाही.