टोनीज चोकोलोनली, ३२ टक्के कोकोचं मिल्क चॉकलेट (१८० ग्रॅम): चव ठीक, कोकोची खरेदी त्याहून सरस

लाल कागदातला हा बार जाडजूड आहे. दूध भरपूर, चव किंचित कॅरॅमलकडे झुकणारी आणि गोड. घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचंच. कडसर आवडणाऱ्यांनी निळ्या कागदातला ७० टक्क्यांचा घ्यावा. तुकडे मुद्दाम लहानमोठे पाडलेत, चॉकलेटच्या धंद्यातली कमाई अशीच विषम वाटली जाते हे दाखवायला. कल्पना छान, पण दोन पोरांत वाटायचा झाला तर भांडण ठरलेलं. हाताने नीट मोडत नाही. कागद न काढता ओट्याच्या कडेवर आपटावा. युरोपातून भारतात आणताना बॅगेत गरम झाला तर वर पांढरट थर येतो. ती बुरशी नव्हे, वर आलेलं कोको बटर आहे. खायला हरकत नाही.

जास्तीचे पैसे मोजायचे ते मात्र कोकोच्या खरेदीसाठी. २००५ पासूनची ही डच कंपनी घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून बिया घेते. जगातला निम्म्याहून जास्त कोको या दोन देशांतला, आणि तो पिकवणारे बहुतेक अल्पभूधारक. खरेदीचे नियम पाच: बियांचा शेतापर्यंत माग, चढा दर, संस्थांना बळ, किमान ५ वर्षांची बांधिलकी, उत्पादन आणि दर्जात सुधारणा. पाचही पाळायचे, सोयीचे दोन निवडून जाहिरात करायची सोय नाही.

दराचं गणित समजून घेण्यासारखं आहे. शेतावरचा दर तिथलं सरकार ठरवतं, आपल्या उसाच्या एफआरपीसारखा. २०२०-२१ च्या हंगामापासून दोन्ही देशांनी शेतकऱ्याच्या उत्पन्नासाठी खरेदीदारांवर टनामागे ४०० डॉलरचा अधिभार लावला. शेतकऱ्याला रास्त मोबदला मिळावा म्हणून मालाला प्रमाणपत्र देणाऱ्या फेअरट्रेडचा प्रीमियम, म्हणजे दरावरची जादा रक्कम, टनाला २४० डॉलर. एवढ्यानेही घर चालत नसेल, तर उरलेली तफावत टोनीज वरून भरते. २०२४ मध्ये बाजारभाव टनाला १०,००० डॉलरवर गेला, तरी शेतकऱ्याच्या हाती त्यातलं थोडंच आलं, कारण बराचसा माल आधीच जुन्या भावाने विकून झाला होता.

गोम वेगळीच आहे. ‘घर चालेल असा दर’ काढताना हेक्टरी ८०० किलो उत्पादन धरलंय. प्रत्यक्षात पुष्कळ बागांत त्याच्या निम्मंच निघतं: झाडं म्हातारी, छाटणी नाही, वर विषाणूजन्य रोग. म्हणजे ठरलेला दर पूर्ण मिळूनही हिशोब तुटतो. नवं झाड धरायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणून पाचांतला ५ वर्षांचा नियम सगळ्यात मोलाचा. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक टिकेल की नाही हे माहीत नसताना जुनी बाग कोण तोडेल?

मागाचं म्हणाल तर कोकोत फेअरट्रेडला कागदोपत्री हिशोब चालतो: कारखान्यात प्रमाणित आणि साधा माल एकत्र होतो, फक्त वजनं जुळवायची. टोनीजचा कोको बॅरी कॅलेबॉ या बड्या चॉकलेट उत्पादकाच्या बेल्जियममधल्या कारखान्यात वेगळ्या टाक्यांत राहतो. याच उत्पादकाशी असलेल्या संबंधामुळे २०२१ मध्ये गुलामगिरीमुक्त (बालमजूर वा वेठबिगार न राबवता केलेल्या) चॉकलेटच्या एका यादीतून टोनीजचं नाव निघालं. आक्षेप रास्त आहे. पण बड्या कारखान्यांना सवय लावायची तर त्यांच्या आत शिरावंच लागतं.

हीच व्यवस्था इतर कंपन्यांनाही खुली आहे. अल्बर्ट हाइन आणि आल्डी या सुपरमार्केटांची डेलिकाटा आणि चोको चेंजर ही चॉकलेटं आणि बेन अँड जेरीज ही आइस्क्रीमची कंपनी तिच्यात आली. पैसे वाचवायचे असतील तर यातला दुकानाचा स्वतःचा ब्रँड घ्यावा. कोकोच्या खरेदीच्या अटी त्याच.

तुमची आवडती कंपनी यात नसेल तर तिच्या ग्राहकसेवेला चार प्रश्न पाठवा: कोको वेगळा ठेवता की कागदावर जुळवता? सरकारी दराच्या वर टनाला किती देता? करार किती वर्षांचा? एकूण खरेदीतला किती टक्के माल असा? ‘आम्ही शाश्वत स्रोतांना बांधील आहोत’ एवढंच उत्तर आलं, तर चौथा प्रश्न पुन्हा पाठवा.